दाजी नावाची पायरी

आमच्या वाचनालयात दाजी नेमके कोणाचे, याचं खरं उत्तर एकच आहे : खरेदी विभागातल्या छोटीचे. तिच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान, म्हणून तिचे दाजी. पण तिचं ऐकून ऐकून आम्ही सगळेच त्यांना दाजी म्हणायला लागलो. ग्रंथपालसाहेब वयाने त्यांच्याहून मोठे, तेही दाजीच म्हणतात. पुस्तक परत करायला उशीर झालेले वाचक तर फारच गोड आवाजात म्हणतात, कारण दाजींना मध्ये घातलं की दंडाचं काहीतरी जमतं ही बातमी वाचकांत कधीच पसरली आहे. एकटी त्यांची बायको तेवढी दाजी म्हणत नाही. ती 'अहो' म्हणते, आणि त्या 'अहो'चा चढउतार ऐकून आज आपल्यापुढे काय वाढून ठेवलंय ते दाजींना बरोबर कळतं.

ती बायको म्हणजे आमच्या सूची विभागातली ताई. एकाच इमारतीत बायको, मेहुणी आणि मध्ये हे. 'मध्ये' असं मी उगाच म्हणत नाही. मी देवघेवीच्या काउंटरवर बसते आणि माझ्या खुर्चीवरून सगळा बोळ दिसतो. पहिलं दार खरेदीचं, पुढचं दार सूचीचं, आणि दोन दारांमधल्या भिंतीला टेकून दाजींचं टेबल. टेबलावर शिक्का, शाईची गादी, बारकोडची भेंडोळी आणि एक पंखा, जो वारा कमी देतो आणि मान जास्त हलवतो. आलेल्या पुस्तकावर शिक्का मारायचा आणि बारकोड चिकटवायचा, एवढंच दाजींचं कागदोपत्री काम. प्रत्यक्षात ते जे काम करत होते त्याला कुठल्याच कार्यालयात पद नसतं.

ताई आणि छोटी एकमेकींशी बोलत नव्हत्या. वर्षानुवर्षं.

दोघींचा स्वभाव सांगायला हवा. ताईचं काम पुस्तकाची नोंद करायचं : कोणी लिहिलं, कोणी भाषांतर केलं, विषय कोणता, कोणत्या कपाटात जायचं. मुखपृष्ठावर काय छापलंय याला ती काडीची किंमत देत नाही. आतलं शीर्षकपान उघडून, कपाळावरचा चष्मा नाकावर आणून, अक्षर न् अक्षर तपासते. एखाद्या लेखकाने दोन नावांनी लिहिलं असेल तर त्याचा छडा लावल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नाही. छोटीचं काम पुस्तकं मागवायचं, आणि तिला कायम घाई. वाचक नुसतं म्हणाला, "ते निळ्या कव्हरचं, कोणीतरी बाई आहेत लेखिका," की हिची ऑर्डर सुटलीच. दोघी आपापल्या जागी पटाईत आणि दोघींच्याही नाकाच्या शेंड्यावर राग. आईबाप लवकर गेले, तेव्हा ताईनेच छोटीला वाढवलं. ताईचं लग्न झालं तेव्हा छोटी शाळेत होती. दप्तर, सायकल आणि एक खरूज झालेलं मांजर घेऊन तीही दाजींच्या घरी राहायला आली. तिची वेणी घालायला दाजी शिकले, असं छोटीच सांगते.

आणि अशा या दोघींचं बिनसलं ते मधमाश्यांवरून. छोटीने मधमाश्या पाळण्यावरचं एक छान पुस्तक मागवलं. ताईने ते शेतीच्या कपाटात लावलं. छोटी म्हणाली, प्राण्यांत ठेव, मुलं तिथे शोधतात. ताई म्हणाली, पाळायची माहिती आहे, शेतीतच जाणार. इथवर ठीक होतं. पण हे चाललं होतं भर बैठकीत, सगळ्यांच्या देखत, आणि शेवटी ताई म्हणाली, "ज्याने त्याने आपापल्या टेबलापुरतं बघावं." छोटी तिथून उठली ती आपल्या टेबलापुरतंच बघायला लागली. दुसऱ्या दिवशी दोन्ही खोल्यांना जोडणाऱ्या आतल्या दारापुढे एक लोखंडी कपाट येऊन उभं राहिलं. ते कोणी सरकवलं हे कितीतरी वर्षं कोणी कबूल केलं नाही. अट दोघींचीही एकच होती, की आधी तिने बोलावं.

तेव्हापासून खरेदीतलं पुस्तक सूचीत जायचं ते दाजींच्या टेबलावरून, आणि पुस्तकाबरोबर निरोपही.

"तिला सांगा," ताई आतून म्हणायची, "भाषांतर कोणाचं ते न लिहिता ऑर्डर पाठवणं म्हणजे तोंड न धुता लग्नाला जाणं."

दाजी पुस्तक काखेत मारून पाच-सहा पावलं चालत आणि खरेदीच्या दारात उभे राहून म्हणत, "छोटे, ताई म्हणत होती, भाषांतरकाराचं नाव मिळालं तर बघ. तू आधीच इतकं करतेस, म्हणून सांगायला संकोच वाटतो म्हणाली."

"संकोच? तिला?" छोटी कीबोर्डवरून मान वर न करता म्हणायची. "तिला म्हणावं, डोळे आहेत ना? स्वतः शोध."

दाजी परत सूचीच्या दारात. "ती म्हणाली, ताईच्या नजरेतून काही सुटत नाही, तिने पाहिलेलं बरं."

ताई 'हं' करायची. पण तो 'हं' जरा मऊ असायचा.

मी हे दोन्ही बाजूंनी ऐकत असे, आणि मला हसू आवरायचं नाही. एकदा मी त्यांना धरलंच. "दाजी, तुम्ही निरोप सांगता की कादंबरी?"

"अर्थ तोच आहे," ते म्हणाले. "फक्त गाळून दिला."

"आणि त्या दोघी कधी बोलायला लागल्या तर?"

दाजींचा चेहरा पडला. शिक्का हातातच राहिला. "रोज वाटतं, आज बोलाव्यात. आणि रोज वाटतं, आज नको. अगं, आता इतक्या वर्षांचं साठलंय. ही तिला काय म्हणाली, ती हिला काय म्हणाली, निम्म्याहून जास्त माझं आहे. दोघी समोरासमोर बसल्या आणि एकीने विचारलं, 'तू त्या दिवशी मला असं म्हणाली होतीस ना,' की माझं बिंग फुटलं. मला बोलतील त्याचं काही नाही. पण ताईने आपल्याला कधी एक गोड शब्दही पाठवला नाही, हे छोटीला कळलं तर? ती उठून जाईल. कायमची जाईल. तिला परगावच्या शाखेतून केव्हाचं बोलावणं आहे."

आता यात खरी गंमत ही, की गोड शब्द न पाठवणारी ताई संध्याकाळी दाजी फिरून आले की कुकरकडे तोंड करून विचारायची, "तिकडे दिवे लागले होते का?" तिकडे म्हणजे दोन गल्ल्या सोडून छोटीच्या घरी. दाजी म्हणायचे, "लागले होते. छोटीची पोर अभ्यास करत होती." मग ताई कुकरचं झाकण लावायची. हे मला दाजींनीच सांगितलं. माया होती, पण ती कुकरला सांगून छोटीला कशी कळणार? मला तर कधीकधी दोघींना खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटायचं.

तर हे असं सुरळीत, म्हणजे वाकडं पण सुरळीत, चाललं असताना नवं सॉफ्टवेअर आलं.

आधी आमच्याकडे दोन वेगळी सॉफ्टवेअरं होती. खरेदीचं एक, सूचीचं एक, आणि त्यांचंही एकमेकांशी बोलणं नव्हतं. छोटी ऑर्डर देताना पुस्तकाचं नाव टाइप करायची, पुस्तक आलं की ताई तेच नाव पुन्हा पहिल्यापासून टाइप करायची, आणि अर्थातच दुरुस्त करून. मग खरेदीच्या सॉफ्टवेअरला वाटायचं, मागवलेलं पुस्तक आलंच नाही, कारण आलेल्या पुस्तकाचं नाव वेगळं. ते पुरवठादाराला आपलं आपण स्मरणपत्र पाठवायचं. घर रंगवण्याचं एक पुस्तक आमच्याकडे असं तीनदा आलं. शेवटी पुरवठादाराने विचारलं, तुम्ही लोक राहता कुठे, किल्ल्यात?

म्हणून मुख्य कार्यालयाने नवं सॉफ्टवेअर घेतलं, आणि ते आमच्या कामाच्या पद्धतीप्रमाणे बेतून द्यायला कंपनीतून एक मुलगी आली. आम्ही तिला सॉफ्टवेअरवाली म्हणायचो. फार गुणी पोरगी. केसांत पेन्सिल खोचलेली, हातात टॅब, आणि प्रत्येक गोष्ट डोळे मोठे करून बघायची. तिचं म्हणणं होतं, "मी काही बदलायला आलेली नाही. तुम्ही जसं करता तसंच मशीनला शिकवायचं, फक्त दुहेरी कष्ट कमी करायचे." आणि तिने कमी केलेही. पुस्तकाच्या मागच्या पट्टीवरचा आकडा वाचला की नाव, लेखक, प्रकाशक आपोआप भरले जाऊ लागले. छोटीची ऑर्डर हीच ताईच्या नोंदीचा सांगाडा झाली. ताईने नाव दुरुस्त केलं तरी ऑर्डर हरवेना, कारण दोन्हीच्या पोटात एकच क्रमांक. आधीच असलेलं पुस्तक पुन्हा मागवायला गेलं की पडदा लाल व्हायचा. छोटीने पहिल्याच दिवशी घर रंगवण्याचं पुस्तक मागवून बघितलं आणि पडदा लाल झाला तेव्हा टाळ्या वाजवल्या.

पण त्याआधी सॉफ्टवेअरवालीने आठवडाभर बोळात खुर्ची टाकून आमचं काम पाहिलं होतं, आणि शेवटी फळ्यावर चौकटी काढल्या होत्या. मागवले. आले. मग बाण. मग एक चौकट, तिच्यात लिहिलेलं : दाजी. मग बाण. सूचीकरण. वर्गांक, म्हणजे पुस्तकाचं कपाट ठरवणारा आकडा. तयार.

ग्रंथपालसाहेबांनी फळा पाहिला. तोंड उघडलं. मिटलं. कारण ती चौकट चुकीची आहे असं म्हणायचं तर का, ते सांगावं लागणार, आणि छोटी फळ्याच्या या टोकाला, ताई त्या टोकाला. साहेबांचा सगळा जन्म भांडणं टाळण्यात गेलेला. ते म्हणाले, "अगदी बरोबर टिपलंत." आम्हीही मूग गिळून बसलो. त्या बिचारीला वाटलं, ग्रंथालयशास्त्रात अशी एक पायरी असतेच, आपल्याला माहीत नव्हती इतकंच. तिने दाजींना अदबीने विचारलं, "सर, तुमच्या टप्प्यावर नेमकं काय होतं?"

दाजी म्हणाले, "तपासणी."

"तुम्हाला सॉफ्टवेअरमध्ये काही खास हवंय का?"

दाजींनी आयुष्यात कार्यालयाकडे काही मागितलं नव्हतं. पंखासुद्धा त्यांनी घरून आणलेला. पण त्या दिवशी ते म्हणाले, "खरेदीकडून सूचीकडे शेरा जातो ना, आणि तिकडून इकडे? तो पुढे जाण्याआधी मला दुरुस्त करता यायला हवा."

"वा," सॉफ्टवेअरवाली म्हणाली, "म्हणजे दर्जा राखला जातो." आणि तिने तशी सोय करून दिली.

मग काय विचारता! छोटी लिहायची, 'वर्गांकाला इतके दिवस का लागतात? पुस्तक आहे की खटला?' दाजी एका बोटाने टकटक करत ते पुसायचे आणि लिहायचे, 'वाचक आतुर आहेत. जमेल तसे करावे.' ताई लिहायची, 'प्रकाशनवर्ष चुकीचे. पुन्हा झाल्यास ऑर्डर परत पाठवीन.' पलीकडे पोचायचं, 'प्रकाशनवर्ष मी पाहून घेतले आहे, काळजी नसावी.' मी एकदा पाठीमागून डोकावले तर ते शब्दकोश उघडून बसले होते. 'बेजबाबदार'ला सौम्य शब्द हवा होता म्हणे.

आणि काम मात्र झपाट्याने व्हायला लागलं. पूर्वी खोक्यातून कपाटापर्यंत जायला पुस्तकाला जो काळ लागायचा त्यात वाचक विषय विसरून जायचा. आता नवीन पुस्तक आठवड्याच्या आत काउंटरवर. मुख्य कार्यालय खूश झालं. इतकं खूश, की त्यांनी आमची व्यवस्था जशीच्या तशी सगळ्या शाखांना लावून दिली. जशीच्या तशी, म्हणजे दाजींसकट.

पहिला फोन मीच घेतला. पलीकडून एक काकुळतीचा आवाज : "अहो, आमची पुस्तकं 'दाजी'मध्ये अडकलीत. आमच्याकडे दाजी कोणाला करायचं?"

मी फोनवर हात ठेवून इतकी हसले की समोरचा वाचक पुस्तक न घेताच गेला. पुढे तर रोज फोन. एका शाखेने सर्वांत ज्येष्ठ म्हणून पहारेकऱ्याला दाजी केलं. एकीकडे आळीपाळीने दाजी. एका शाखेत दोघांना व्हायचं होतं म्हणून भांडण झालं. एका ठिकाणच्या बाईंनी मला ठणकावून विचारलं, "बाई माणसाने दाजी झालेलं चालतं का?" आणि कुठेच कोणाला कळेना की या टप्प्यावर करायचं काय. आलेलं पुस्तक बघायचं, मान हलवायची आणि 'पुढे पाठवा' दाबायचं. जिथे दाजी रजेवर, तिथे पुस्तकांचे ढीग.

दाजींना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. टेबलाचा खण उघडून बंद केला, परत उघडला. "आता हे वरपर्यंत जाणार," म्हणाले. आणि गेलंच. मुख्य कार्यालयातून संचालकबाई स्वतः आल्या.

संचालकबाई म्हणजे सरळ विषयाला हात. वाचनकक्षातली लांब मेजं जोडून बैठक भरली. सॉफ्टवेअरवालीला बोलावलं होतं, तिने पडद्यावर चौकटी दाखवल्या. बाईंनी काठीने त्या चौकटीवर टकटक केलं.

"ही पायरी कशासाठी? मी इतकी वर्षं ग्रंथालयांत आहे, जगात कुठे पाहिली नाही."

सगळे आपापल्या हाताची नखं बघायला लागले. सॉफ्टवेअरवाली लालबुंद झाली. "मी जसं पाहिलं तसंच..." एवढं म्हणून थांबली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या पोरीला तोंडघशी पाडलं होतं, आणि मला स्वतःची लाज वाटली.

दाजी उठून उभे राहिले. "तिची चूक नाही. मीच सांगितलं तिला. तपासणी असावी असं मला वाटलं."

"कशाची तपासणी?"

"भाषेची," दाजी म्हणाले.

"भाषेची?" बाईंनी चष्मा काढला. "तुमच्या या वाटण्यामुळे सगळ्या शाखांची पुस्तकं अडकून पडलीत. ही पायरी आजच काढायची. आणि तुम्हाला इथे दुसरं काम नसेल तर जुन्या मासिकांच्या गोदामात माणूस हवाच आहे."

दाजी 'बरं' म्हणाले. खरंच, नुसतं 'बरं.' मला वाटतं त्यांना तो निकाल आवडलासुद्धा असता. गोदामात मासिकं असतात, मासिकं काही विचारत नाहीत.

तेवढ्यात ताईची खुर्ची वाजली. ताई उभी होती. आमची ताई, जी बैठकीत फक्त चुका दाखवायला उठते. "यांचा दोष नाही," ती म्हणाली. "आमचं दोघींचं..." तिचा कान लाल झाला होता. "आमच्या दोन विभागांचं आपसात..."

"ताई, तू बस. मी सांगते," छोटी म्हणाली.



ताई तिच्याकडे वळली. सरळ तिच्याकडे. "तू मध्ये बोलू नकोस."

"मध्ये? मध्ये दाजी होते. मी समोरच आहे इतकी वर्षं!"

"समोर होतीस तर कपाट कोणी लावलं दाराला?"

"मी लावलं! मग? तू ढकलायचं होतंस! तुला काय हात नव्हते?"

"सगळ्यांसमोर माझा अपमान करून..."

"अपमान तू केलास! मधमाशी प्राणी नाही का? सांग ना, सांग यांना! मधमाशी काय भाजी आहे?"

संचालकबाई या दोघींकडे आळीपाळीने बघत होत्या. मग त्यांनी ग्रंथपालसाहेबांकडे पाहिलं, साहेबांनी छताकडे. बाई हुशार. त्यांना जे कळायचं ते कळलं. त्यांनी सॉफ्टवेअरवालीला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "काढून टाक गं ती चौकट. आणि या दोघींचे शेरे सरळ एकमेकींना जाऊ देत." मग मोठ्याने, "मधमाश्या दोन्ही कपाटांत ठेवा, प्रत मागवा अजून एक!" पण ते ऐकायला कोणाला वेळ होता? दोघींनी मधमाश्या कधीच मागे टाकल्या होत्या. आता मांजर कोणी हरवलं यावर आल्या होत्या.

चौकट काढायला सॉफ्टवेअरवालीला किती वेळ लागला म्हणता? पाणी प्यायला लागतो तेवढा. एक खूण काढली, एक बाण ओढला, खरेदीचं टोक सूचीला लागलं. दाजी तिच्या मागे उभे राहून बघत होते. "एवढंच?" म्हणाले. गोदामाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. शिक्का आणि बारकोड त्यांच्याकडेच राहिले.

पण मी त्यांच्याकडे बघत होते. जी भीती त्यांनी मला सांगितली होती ती आता दारात येऊन उभी होती. दोघी बोलायला लागल्या होत्या, आणि थांबायचं नाव घेत नव्हत्या. बैठक संपली, लोक पांगले, दोघी भांडत भांडतच जेवणघरात आल्या आणि भांडत भांडतच एका मेजावर बसल्या. डबे उघडेपर्यंत आवाज खाली आले. ताईने न विचारता छोटीच्या डब्यातली भाजी घेतली. छोटीने न विचारता ताईच्या डब्यातलं लोणचं. मी त्यांच्याच मेजावर होते, ऊठ म्हणाल्या असत्या तरी उठले नसते. दाजी कोपऱ्यातल्या मेजावर पुस्तकांची चळत घेऊन बसले होते. जेवणघरात बारकोड चिकटवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

"तू बोलली नाहीस तरी," छोटी मध्येच म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला, "मी गेले नाही इथून. का ते माहितीये? पोरीच्या वेळी."

दाजींचा हात थांबला.

छोटीची मुलगी जन्मली ती अगदी अशक्त. दवाखान्यातच ठेवली होती बरेच दिवस. छोटीचा नवरा तेव्हा परगावी नोकरीला. ते दिवस मला आठवतात. ताई इथे टेबलावर बसून असायची, एक अक्षर बोलायची नाही. 'तिने बोलावलं तर मी धावत जाईन,' एवढंच ताई एकदा खिडकीकडे बघत म्हणाली होती. आणि छोटीने बोलावलं नव्हतं. त्याच हट्टाची बहीण ती.

"रोज दुपारी गरम सूप यायचं," छोटी म्हणाली. "दाजी आणायचे. म्हणायचे, ताईने पाठवलंय. आणि म्हणायचे, ताईने सांगितलंय, घाबरू नकोस, मी आहे. त्या 'मी आहे'वर काढले गं मी ते दिवस. नाहीतर पोरीला घेऊन त्या परगावच्या शाखेत केव्हाच गेले असते."

दाजींनी मान खाली घातली. इतकी खाली, की मला फक्त टक्कल दिसत होतं. मी घास तसाच धरून बसले.

ताईने छोटीकडे पाहिलं, मग दाजींकडे, बराच वेळ. ताई खोटं बोलत नाही. तिला येतच नाही.

"सूप मी नव्हतं पाठवलं," ती म्हणाली. "मला ठाऊकही नव्हतं."

"ते माहितीये मला," छोटी म्हणाली. "तुझ्या हातचं सूप मी लहानपणापासून पितेय. ते इतकं पुळकवणी कधीच नव्हतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे दाजींनी केलंय." ती हसली, पण डोळे भरलेले होते, आणि तिने ताईचं मनगट धरलं. "पण 'मी आहे', ते तुझं होतं ना?"

मला वाटलं, संपलं सगळं.

"माझंच," ताई म्हणाली. "ते माझंच होतं."

छोटीने मान हलवली आणि मनगट सोडलं नाही. ताईने दुसऱ्या हाताने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि तसं करताना ती तिच्याकडे बघतच नव्हती, कोपऱ्यातल्या मेजाकडे बघत होती. दाजी उठले. मला बरंच काम पडलंय, बारकोड राहिलेत, असं काहीतरी पुटपुटत पुस्तकांची चळत छातीशी धरून बाहेर गेले. माझ्या जवळून गेले तेव्हा मी ती पुस्तकं पाहिली. एकूण एक पुस्तकावर बारकोड लागलेला होता.